एसव्हीजीवर विधानसभा आणि महापालिका काढल्या, आता जरा बोलतो

पेमेंट अडलंय म्हणून लिहितोय, उगाच आव आणत नाही. जानेवारी २०२६मध्ये २९ महापालिकांचा निकाल लागला त्या दिवशी एका न्यूज पोर्टलसाठी नकाशा आणि प्रभागवार कार्डं मी चालवत होतो. साइटवर सगळं झकास, पण लिंक शेअर केली की जी इमेज दिसते तिच्यात प्रभागांच्या नावांच्या जागी नुसते चौकोन. सर्व्हर त्यांचा, त्यावर मराठी फाँट टाका म्हणून मेल आठवडाभर आधी गेलेला, पण आता बिलाचा विषय काढला की चौकोनांचा स्क्रीनशॉट परत येतो.

तर एसव्हीजी, म्हणजे वेबवर रेघा आणि आकारांनी चित्र काढायचा फॉरमॅट, कितीही मोठं केलं तरी फुटत नाही. २०२४च्या विधानसभेपासून निकालाच्या कामाला हेच वापरतोय. आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं खरंच आहे. २८८ मतदारसंघ म्हणजे २८८ पाथ (हद्दीची एकेक रेघ), प्रत्येकाला आयडी, आघाडी बदलली की एक क्लास बदलायचा, रंग बदलला, विषय संपला. क्लिक, होव्हर, स्क्रीन रीडरसाठी नाव, सगळं ब्राउझर बघतो. कॅनव्हासवर, जिथे सगळं एकाच चित्रात रंगतं, हेच करायचं तर बोट नेमकं कोणत्या मतदारसंघावर पडलं हे शोधण्यापासून आपलीच हमाली. (बूथवार नकाशा करायचा असेल तर मात्र कॅनव्हासच घ्या, राज्यात लाखाच्या वर मतदान केंद्रं आहेत, तेवढे तुकडे ब्राउझरला पानावर वेगवेगळे सांभाळायला लावलेत तर स्वस्तातला फोन हात टेकतो.) हद्दींची फाइल डेटामीट या खुल्या डेटावाल्या गटाची घेतली, मॅपशेपर या टूलमधून काढून हलकी केली, फुकटात काम झालं.

आणि ते नॉन-स्केलिंग-स्ट्रोक! मुंबईच्या ३६ जागा राज्याच्या नकाशावर मोबाइलवर ठिपक्याएवढ्या दिसतात, झूम करावंच लागतं, आणि झूम केलं की हद्दीच्या रेघा दोरखंडाएवढ्या जाड व्हायच्या. पाथला ही एक ओळ लावली की कितीही झूम करा, रेघ तेवढीच बारीक. याच्यासाठी मी एसव्हीजीला बरंच काही माफ केलंय.

पण अक्षरं नाही माफ करणार. नकाशावर नाव वाचता यावं म्हणून अक्षराभोवती पांढरी कड देतात, सगळेच देतात. इंग्रजीत ती नीट बसते. मराठीत प्रत्येक अक्षर आपापल्या शिरोरेघेचा तुकडा घेऊन येतं आणि हे तुकडे एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे कड दिली की प्रत्येक सांध्यावर एक पांढरी चीर. ‘नागपूर दक्षिण-पश्चिम’ असं दिसत होतं की कोणीतरी ब्लेडने कापलंय. उपाय आहे, पेंट-ऑर्डरला स्ट्रोक, म्हणजे कड, आधी रंगवायला सांगायचं, मग ती फिलच्या, म्हणजे आतल्या रंगाच्या, खाली जाते आणि चिरा झाकल्या जातात. एका ओळीचं काम, पण ती ओळ सापडेपर्यंत निकालाच्या आदल्या रात्रीचे दोन वाजले होते.

पुढचं ऐका. लांब नाव जागेत बसवायला टेक्स्टलेंग्थ आहे. त्याचा डीफॉल्ट असा की अक्षरांमधली जागा कमीजास्त करायची. म्हणजे रुंदी वाढवली की शिरोरेघ तुटली, प्रत्येक अक्षर वेगळं उभं. लेंग्थअ‍ॅडजस्टला ‘स्पेसिंगअँडग्लिफ्स’ द्यायचं, मग सगळंच ताणलं जातं, बघवत नाही पण निदान जोडलेलं तरी राहतं. कोकणची नावं किनाऱ्याच्या वळणावर टाकायची हौस होती, टेक्स्टपाथवर ‘सिंधुदुर्ग’ टाकलं तर शिरोरेघेचा जिना झाला. हौस सोडली, नावं आडवीच ठेवली.

आणि ओळ मोडणं! ‘सोलापूर शहर मध्य’ दोन ओळींत हवंय तर स्वतः तुकडे करा, प्रत्येकाला टीस्पॅन लावा, दुसऱ्या ओळीला डीवाय द्या. ब्राउझर आपणहून ओळ मोडत नाही. फॉरेनऑब्जेक्टमध्ये एचटीएमएल घातलं तर मोडतो, पण तीच फाइल सर्व्हरवर पीएनजी करायला गेलात तर कन्व्हर्टर तो भाग सरळ गाळतो.

हे आज सुचलेलं दुखणं नाही बरं का. १९९८ला मायक्रोसॉफ्टच्या गोटातून व्हीएमएल आणि अ‍ॅडोबीच्या गोटातून पीजीएमएल असे रेघांच्या चित्रांच्या फॉरमॅटचे दोन अर्ज वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीकडे गेले, त्या भांडणातून एसव्हीजी निघालं, २००१ला पहिली आवृत्ती, २००३ला १.१. इंटरनेट एक्सप्लोररला ते कळायला २०११ उजाडलं. मधल्या १.२ च्या मसुद्यात आपोआप ओळ मोडणारा मजकूर होता, इंकस्केप या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरने तो भाबडेपणाने बनवलाही, मसुदा बारगळला, आणि त्या फाइली ब्राउझरमध्ये उघडल्या की मजकुराच्या जागी काळा चौकोन. एसव्हीजी २ मध्ये इनलाइन-साइझ म्हणून तीच सोय परत लिहिली, ते २०१६ला कॅन्डिडेट रेकमेंडेशन (अंतिम होण्याआधीची पायरी) झालं आणि तिथेच बसलंय. काम करणारे लोक हुशार आहेत, शंका नाही, पण पैसे लावणाऱ्या ब्राउझर कंपन्यांना यात रस नाही हे उघड आहे.

आता निवडणुकीच्या मशीनचं. उमेदवारांच्या कार्डावर चिन्हं लागतात. आयोगाची चिन्हं म्हणजे काळ्या रेघांची चित्रं, मी ती ट्रेस करून एसव्हीजी केली. कमळ, मशाल, घड्याळ कितीही छोटं केलं तरी ओळखू येतं. शरद पवारांच्या राष्ट्रवादीचा ‘तुतारी वाजवणारा माणूस’ २४ पिक्सेलवर आणला की माणूस जातो, तुतारी जाते, एक तिरका डाग उरतो. मला तर कार्ड मोठं करता येतं, मशीनवर चिन्हाला जागा केवढी? २०२४च्या लोकसभेला साताऱ्यात त्यांचा उमेदवार ३२,७७१ मतांनी पडला आणि नुसत्या तुतारीवाल्या अपक्षाला ३७,०६२ मतं. ती सगळी चुकून पडली असं कोणी सिद्ध करू शकत नाही, पण विधानसभेआधी त्या पक्षाने चिन्ह छोटं दिसतं अशी तक्रार केली, आयोगाने नव्या चित्राचे नमुने मागितले आणि त्यातला एक मान्यही केला. आयकॉन डिझाइनचा मुद्दा एवढ्या वरपर्यंत गेलेला मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

व्हीव्हीपॅटमध्ये, म्हणजे मत दिल्यावर चिठ्ठी दाखवणाऱ्या मशीनमध्ये, अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह बिटमॅप फाइल (ठिपक्यांचं तयार चित्र) म्हणून लोड करतात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो होतो. या जमान्यात बिटमॅप? जानेवारीतल्या चौकोनांनंतर मत बदललं. बिटमॅपला फाँट लागत नाही, शिरोरेघ तुटत नाही, कन्व्हर्टर काही गाळत नाही. जे चित्र सर्वांसमोर मंजूर झालं तेच काचेमागे सात सेकंद दिसणार. मतदाराच्या मताची म्हणून जी चिठ्ठी डब्यात पडणार तिच्यात रेंडरिंगची शक्यताच नको, इथे मठ्ठ फॉरमॅटच बरोबर. मी इंजिनिअर असतो तर मीही हेच केलं असतं.

फक्त ती फाइल बाहेरच्या कॉम्प्युटरवर बनते आणि सिंबल लोडिंग युनिटमधून मशीनमध्ये जाते, माझ्यासारख्या माणसाची नजर तिथेच अडकते. २६ एप्रिल २०२४ला सुप्रीम कोर्टाने शंभर टक्के चिठ्ठ्या मोजायची मागणी फेटाळली, पण ही युनिट सील करून निकालानंतर ४५ दिवस ठेवायला सांगितली. याआधी तसा नियमच नव्हता, हे वाचून मी हादरलो, आपण साध्या वेबसाइटच्या डिप्लॉयमेंटचे लॉग वर्षभर ठेवतो. हरलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या उमेदवाराला पाच टक्के मशीनची मेमरी तपासून घेता येते, त्याचा दर तेव्हा एका संचाला ४० हजार अधिक जीएसटी होता. ४७ हजार दोनशे! एवढ्यात माझी तीन बिलं निघतात.

मतदान यंत्रं हॅक होतात की नाही यावर कमेंटमध्ये भांडू नका, मला त्यातलं हार्डवेअर कळत नाही. मला एवढं कळतं की महापालिकेला व्हीव्हीपॅट नव्हतंच, आणि मुंबई सोडली तर बहुतेक ठिकाणी एका प्रभागात अ ब क ड अशी चार मतं. मतदान केंद्रातून बाहेर पडणाऱ्या आमच्या मावशींना चौथं बटण कोणाचं दाबलं ते आठवत नव्हतं. चिठ्ठी तिथे जास्त लागते.

घ्यायचं का? नकाशा, आलेख, चिन्हं यांना डोळे झाकून एसव्हीजी घ्या. मराठी मजकूर जमेल तिथे एचटीएमएलमध्ये वर तरंगता ठेवा, एसव्हीजीत टाकायचाच तर पेंट-ऑर्डर लावा. शेअरची इमेज सर्व्हरच्या कन्व्हर्टरवर सोडू नका, हेडलेस क्रोममधून (खिडकी न उघडता चालणारा क्रोम) स्क्रीनशॉट काढा, रॅम खातो पण अक्षरं नीट येतात. आणि क्लायंटच्या सर्व्हरवर काम असेल तर फाँट टाकून झाल्याची पोच लेखी घ्या, अ‍ॅडव्हान्स निम्मा. पुढच्या कामाला मी हाच दर लावलाय, ज्यांना परवडत नाही त्यांनी एक्सेलचा तक्ता लावावा.