दिवाळीनंतर यलोस्टोन की लॅसेन?

राजारामपुरीतील एका स्नेह्यांचा मुलगा सॅन फ्रान्सिस्कोत आहे. दिवाळीनंतर त्याच्याकडे जाऊन गाडीने यलोस्टोन पाहावे की लॅसेन, अमेरिकेतील या दोन ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानांच्या प्रश्नात ते अडकले आहेत.

सर्वांत निर्णायक मुद्दा रस्त्यांचा आहे. यलोस्टोनमधील बहुतेक रस्ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला साध्या गाड्यांसाठी बंद होतात आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत केवळ गार्डिनर ते कुक सिटी हा उत्तरेकडचा मार्ग चालू राहतो, त्यामुळे ओल्ड फेथफुल या उष्णोदकाच्या प्रसिद्ध फवाऱ्यापर्यंत स्वतःच्या गाडीने पोहोचता येत नाही. लॅसेनचा सुमारे 48 किलोमीटरचा मुख्य रस्ता मात्र ठरावीक तारखेला नव्हे, तर मोठा हिम पडला की बंद होतो. त्याचा माथा सुमारे 2,600 मीटर उंचीवर असल्याने आंबा घाटातील पावसाळी सराव तेथील बर्फावर कामाचा नाही.

अंतरात तुलनाच नाही: लॅसेन चार-पाच तासांवर, तर यलोस्टोन सुमारे दीड हजार किलोमीटरवर आहे, इंधन आणि मुक्कामांचा खर्चही त्याच प्रमाणात वाढतो.

दृश्यांत यलोस्टोन निःसंशय श्रेष्ठ आहे, कारण जगातील निम्म्याहून अधिक उष्णोदकाचे फवारे तेथे आहेत. तरीही ज्योतिबाच्या डोंगरावरचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा पाहत वाढलेल्या माणसाला 1915 मध्ये उसळलेले लॅसेन शिखर विलक्षण वाटेल.

आठवडाभराची रजा आणि वृद्ध सोबती असतील, तर हवामान पाहून लॅसेन निवडावे. फवारेच पाहायचे असतील, तर यलोस्टोनसाठी सप्टेंबरअखेर निघावे.