घरच्या कॅसेटींचा अल्बम: धरमपेठेतल्या स्टुडिओचं काम

नागपुरात वाड्यांमधून रंगलेल्या मैफिलींच्या कॅसेटी अजून कितीतरी घरांत लोखंडी कपाटात पडून आहेत. गायक गेला, गाणं बाहेर आलंच नाही. अशा कॅसेटींमधून निवड करून धरमपेठेतला हा लहान स्टुडिओ अल्बम बांधतो आणि आपल्याच लेबलवर काढतो. एका दिवंगत ख्यालगायकाचा त्यांनी काढलेला अल्बम मूळ कॅसेटींच्या कच्च्या फाइलींशी ताडून पाहिला. आवाज उतरवून घेण्यात ही मंडळी अव्वल आहेत. संपादनात मात्र त्यांच्या मागे लागावं लागतं.

कॅसेट थेट मशीनमध्ये घालत नाहीत, हे पहिलं चांगलं लक्षण. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टेपखालच्या फेल्टच्या गादीचा डिंक वाळतो, गादी पडते आणि आवाज दबका, तुटक येतो. टेप उचलून नव्या स्क्रूच्या खोक्यात बसवली की काम भागतं. मग हेडचा, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाचा, कोन प्रत्येक कॅसेटसाठी, बाजूसाठीसुद्धा, नव्याने लावतात, कारण ज्या टेपरेकॉर्डरवर ती भरली त्याचा कोन वेगळा असतो. हा कोन चुकला तर वरच्या पट्टीतला तजेला जातो, आणि तो पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. फाइल ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट. यापेक्षा जास्तीची घरगुती कॅसेटला गरज नाही.

खरी कमाल वेगाच्या दुरुस्तीत आहे. जुने टेपरेकॉर्डर बरेचदा सेलवर चालायचे. सेल उतरले की भरताना टेप हळू फिरते, आणि तीच टेप नीट वेगाने वाजवली की गाणं चढतं. वेगात सुमारे ६ टक्के फरक पडला की काळी एकचा गायक अर्धा सूर वर, पांढरी दोनमध्ये जातो, आवाज चिरका होतो, ताना उगाच धावतात. तंबोऱ्यावरून हे पकडता येत नाही, तोही सोबतच चढतो. म्हणून एकाच पेटीवाल्याच्या वेगवेगळ्या मैफिली शेजारी ठेवून पेटीचे सूर जुळवले जातात. विजेवर भरलेल्या टेपमध्ये ५० हर्ट्झची घरघर सापडते, तीही मोजपट्टी म्हणून चालते. सेल हळूहळू उतरत जातात, त्यामुळे अख्ख्या बाजूला एकच दुरुस्ती पुरत नाही. अल्बममधल्या पहिल्या विलंबित ख्यालाची कच्ची फाइल ऐका: षड्ज, म्हणजे सा, शेवटाकडे वर सरकत जातो. अल्बममध्ये तो पहिल्यापासून शेवटपर्यंत जागेवर आहे. हे काम फार मेहनतीचं आहे आणि त्याबद्दल मनापासून दाद द्यायला हवी.

आता तक्रारी. खरखर काढताना हात सैल सुटलाय. तंबोऱ्याच्या जवारीतला (तार घोडीला हलकी घासून उठणाऱ्या गुंजनातला) वरचा झणत्कार आणि टेपची सरसर एकाच पट्ट्यात असतात. एक फार काढली की दुसराही जातो. दोन रागांत तंबोरा पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. आपल्या घरच्या कॅसेटींचं काम त्यांना देणार असाल तर ऑर्डर देतानाच सांगा की सरसर राहिली तरी चालेल, जवारी हवी. एका द्रुत बंदिशीचा शेवट दुसऱ्या मैफिलीतून जोडला आहे: सूर जुळतो, पण डग्ग्याची गाज एकदम बदलते. आणि समेवरची, तालाच्या पहिल्या मात्रेवरची, ‘वा’ का कापली? श्रोत्यांची दाद काढली की तिहाईनंतर (तीनदा म्हणून समेवर आणणाऱ्या तुकड्यानंतर) खड्डा पडतो.

पुस्तिकेतल्या तारखा तपासून घ्याव्यात. घराघरांत कॅसेट एका डबीत आणि डबीवरचा कागद दुसऱ्याच मैफिलीचा असतो. कॅसेटी देण्याआधी डबीवर नाही, कॅसेटवरच नंबर घाला.

परवानगीच्या कागदांबाबत स्टुडिओ चोख आहे, आणि ते बरंच आहे. आपल्या कायद्यात सादरकर्त्याचा हक्क ५० वर्षं टिकतो, आणि सादरकर्त्यात तबलजी, पेटीवालेही आले. त्यांचीही लेखी संमती लागते. पारंपरिक बंदिशीला अडचण नाही, पण नाट्यगीत किंवा भावगीत असेल तर कवी आणि संगीतकार यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं उलटली आहेत का, ते बघावं लागतं. आकाशवाणीवरून घरी भरून घेतलेलं गाणं ते घेतच नाहीत, आणि बरोबर करतात.

दर कॅसेटच्या नगावर नाही, तासावर आहे. सी-९० म्हणजे दीड तास, आणि एवढा वेळ केवळ उतरवायलाच लागतो. सी-१२० ची टेप फार पातळ, ती ताणली जाते. तिच्यासाठी ते वेळ जास्त धरतात, घासाघीस करू नका. काम संपल्यावर सफाई न केलेल्या कच्च्या फाइली हार्ड डिस्कवर मागून घ्या. न मागितल्यास मिळत नाहीत. पुढे कुणाला हलक्या हाताने पुन्हा सफाई करायची झाली तर त्याच लागतील.