आठ महिने 'फेस टू फेस'सोबत

गेल्या हिवाळ्यात इथे इंग्लंडमध्ये, लेस्टरला एका चॅरिटी शॉपमध्ये जुन्या डीव्हीडींच्या खोक्यात 'फेस टू फेस' या जुन्या टीव्ही मुलाखतींच्या मालिकेचा संच सापडला. चार पाउंडांना. तेव्हापासून रविवारी रात्रीची जेवणं आटोपली, ओटा आवरला, की अर्ध्या तासाचा एक भाग पाहायचा, असा नेम धरला. आठ महिने झाले. बहुतेक भाग एकदा, काही दोनदा आणि गिल्बर्ट हार्डिंगचा चार वेळा पाहिला. ब्रिटिश माणसांवरचे माहितीपट मी बरीच वर्षं बघते, पण इतका काळ मनात राहिलेलं दुसरं काही नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

बीबीसीवर १९५९ ते १९६२ या काळात ही मालिका झाली. एकूण ३५ मुलाखती. सुरुवातीला बर्लिओझचं संगीत आणि फेलिक्स टोपोल्स्की या चित्रकारानं काढलेली पाहुण्याची रेखाटनं, आणि मग कृष्णधवल पडद्यावर एकदम चेहरा. मुलाखत घेणारे जॉन फ्रीमन जवळजवळ दिसतच नाहीत. कधी पाठमोरा खांदा दिसतो, कधी सिगारेटचा धूर. कॅमेरा पाहुण्यावरून हलत नाही. तो इतका जवळ जातो की कपाळावरचा घाम आणि आवंढा गिळताना हलणारा गळासुद्धा दिसतो.

आजच्या माहितीपटांची सवय असेल तर पहिले दोन-तीन भाग जड जातात. मलाही गेले. आता कसं, एक वाक्य झालं की संगीत, मग जुनं चित्रण, मग कुणी इतिहासकार येऊन त्या वाक्याचा अर्थ सांगणार. २०१९ ची 'थॅचर: अ व्हेरी ब्रिटिश रेव्होल्युशन' ही पाच भागांची मालिका मला आवडली होती, आजही मी ती बघा असंच सांगेन. पण तिथे थॅचरबाईंबद्दल बोलतात ते त्यांचे सहकारी आणि विरोधक. बाई स्वतः २०१३ मध्येच गेल्या होत्या. इथे माणूस स्वतः समोर बसलेला आहे आणि त्याच्या वतीनं बोलायला कुणी नाही.

हार्डिंगचं सांगते. 'व्हॉट्स माय लाइन' या टीव्हीवरच्या प्रश्नोत्तरांच्या खेळामुळे हा माणूस घराघरात पोचलेला, आणि देशातला सगळ्यात उद्धट माणूस अशी त्याची ख्याती. १९६० मध्ये तो फ्रीमनसमोर बसला. बोलता बोलता फ्रीमननी विचारलं, कुणाचा मृत्यू जवळून पाहिलाय का? हार्डिंगचा आवाज फुटतो, डोळे भरतात. त्यानं आपल्या आईचा मृत्यू पाहिलेला होता. कॅमेरा तिथून हलत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हे क्रूर वाटलं, मी रिमोट उचलला होता. दुसऱ्यांदा पाहताना जाणवलं की त्या क्षणी तो उद्धटपणाचा सगळा मुखवटा त्याला ओझं झालेला आहे, आणि दोन-चार क्षण का होईना, तो खाली ठेवायला मिळालाय. या प्रक्षेपणानंतर दोनच महिन्यांनी, नोव्हेंबर १९६० मध्ये, बीबीसीच्या ब्रॉडकास्टिंग हाउसबाहेर कोसळून तो गेला. हे कळल्यावर तिसऱ्यांदा पाहिलं.

विनोदी नट टोनी हॅनकॉकचा भागही असाच हलवून सोडतो. अख्ख्या देशाला हसवणारा माणूस स्वतःच्या कामाबद्दल इतका साशंक की प्रत्येक उत्तर तो तपासून बघतो. या मुलाखतीनं त्याला नको तितकं आत बघायला लावलं, असं पुढे लोक म्हणत राहिले. १९६८ मध्ये सिडनीत त्यानं आयुष्य संपवलं. त्याचा दोष अर्ध्या तासाच्या प्रश्नांवर टाकणं मला पटत नाही. ती साशंकता त्याच्या चेहऱ्यावर पहिल्या मिनिटापासून दिसते. फ्रीमननी ती फक्त झाकू दिली नाही.

आणि लॉर्ड रीथ! बीबीसीचे पहिले महासंचालक, साडेसहा फूट उंच, पहिल्या महायुद्धात गोळी लागून गालावर राहिलेला व्रण. त्यांच्याच संस्थेनं त्यांना खुर्चीत बसवून प्रश्न विचारले. एवढी मोठी संस्था उभी करूनही आपली पूर्ण ताकद कधी वापरलीच गेली नाही, ही खंत ते बोलून दाखवतात. या गृहस्थांना हिंदुस्थानचा व्हाइसरॉय व्हायचं होतं, हे मला आधीपासून माहीत होतं. त्यामुळे ते ऐकताना अंगावर काटा आला. कुणाच्या अपुऱ्या राहिलेल्या ताकदीसाठी आपला देश हवा होता!

इव्हलिन वॉचा भाग शेवटी ठेवा. तो लेखक सगळ्या प्रश्नांना दार लावून बसलाय. मग इथे आलातच कशाला, असं विचारल्यावर म्हणतो, गरिबीमुळे. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलपासून मात्र जरूर सुरुवात करा. १८७२ साली जन्मलेला माणूस पुढच्या पिढ्यांना सांगतो की विचार करताना फक्त वस्तुस्थिती काय आहे ते बघा, आणि प्रेम शहाणं असतं, द्वेष मूर्ख. माझ्या चौदा वर्षांच्या मुलानं हा भाग न सांगता पुन्हा लावला होता.

फ्रीमनबद्दल वाचत गेले तसा त्यांच्याविषयीचा आदर वाढला. आधी मजूर पक्षाचे खासदार. तोवर मोफत असलेल्या कवळ्या आणि चष्म्यांसाठी रुग्णांकडून पैसे घ्यायचं सरकारनं ठरवलं, तेव्हा १९५१ मध्ये मंत्री बेव्हन आणि पुढे पंतप्रधान झालेले हॅरल्ड विल्सन यांच्यासोबत त्यांनीही सरकारातून राजीनामा दिला. मी इथे रुग्णालयाच्या नेत्रविभागात काम करते, चष्म्याच्या पैशांवरून अडलेली माणसं रोज बघते, त्यामुळे हे वाचून त्यांच्याशी वेगळंच नातं जुळलं. पुढे १९६५ ते १९६८ ते दिल्लीत ब्रिटनचे उच्चायुक्त होते. शास्त्रीजींचा शेवटचा काळ आणि इंदिराबाईंची सुरुवात त्यांनी तिथून पाहिली. इतकं सगळं करून हा माणूस स्वतःबद्दल बोलायला कायम नाखूष. २०१४ मध्ये ९९ व्या वर्षी गेला.

आता उणिवा. स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या. कवयित्री ईडिथ सिटवेलचा भाग बघताना तर ही गोष्ट फार खुपते, कारण ती इतकी सुंदर बोलते. काही राजकारणी त्यांच्या काळापुरतेच होते. मॉरिसन किंवा बूथबी कोण हे आधी वाचून घेतलं नाही तर अर्धे संदर्भ निसटतात. त्या काळचं खानदानी इंग्रजी कानाला बसायला वेळ लागतो. माझ्या संचातली एक चकती ओरखडलेली निघाली, जुनं सामान घेताना दुकानातच उघडून बघा. भारतात नेणार असाल तर एक महत्त्वाचं. डीव्हीडी जगाच्या कुठल्या भागात चालेल त्याचा रीजन क्रमांक ठरलेला असतो; इथल्या चकत्या रीजन दोनच्या असतात आणि आपल्याकडचे प्लेअर रीजन पाचचे. मी उन्हाळ्यात वाईला नेल्या तर आत्याकडच्या प्लेअरनं घेतल्याच नाहीत. सगळे रीजन चालणारा प्लेअर लागतो.

अशा मुलाखती नंतर का थांबल्या, याचं एक उत्तर मला १९७१ च्या 'यस्टरडेज मेन' या माहितीपटाच्या भांडणात सापडतं. निवडणूक हरलेल्या माजी पंतप्रधान विल्सनना आठवणींच्या पुस्तकाचे किती पैसे मिळाले असं विचारलं, आणि ते इतके भडकले की तो भाग कापावा लागला. त्यानंतर पुढारी सावध झाले. सावध माणसाचा चेहरा जवळून बघून काही मिळत नाही.

वाईचं सांगायचं राहिलं. प्लेअर चालला नाही, त्या संध्याकाळी मी फोन पुस्तकांच्या ढिगावर टेकवून आत्याच्या चेहऱ्यावर लावला आणि स्वतः मागे बसले. ती ८१ वर्षांची आहे. विचारलं, "आत्या, तुझी शाळा कधी सुटली गं?" एरवी तीच म्हणते, "जाऊ दे, झालं ते," आणि मीही विषय बदलते. या वेळी मी गप्प राहिले. तिनं पदराची कड बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. अंगणातल्या नळाचं पाणी बादलीत पडत होतं. मग म्हणाली, "चौथीत. पाटी मी जपून ठेवली होती. आईनं ती माठावर झाकण म्हणून ठेवली. पाणी प्यायला गेले की रोज दिसायची."

एवढ्या वर्षांत हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. रेकॉर्डिंग ४१ मिनिटांचं झालं. डिसेंबरात पुन्हा जाणार आहे, तेव्हा लग्नानंतरचं विचारायचंय.