निम्म्या किमतीचे ब्रेक पॅड आणि माझे ६,२४० रुपये

गाडीचे पुढचे ब्रेक पॅड घरीच बदलण्यासाठी सामान जमवणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावे, कारण ज्याने माझ्या गळ्यात नकली माल मारला तो नंबर बदलून आजही गोव्यात तोच माल विकत आहे.

हिशेब असा: नामांकित कंपनीचे म्हणून दिलेले पॅड १,६५० रुपये, ट्रॉली जॅक २,४००, जॅक स्टँडची जोडी १,१५०, पिस्टन मागे ढकलण्याचे हत्यार ४८०, ब्रेक ऑइल २६० आणि पोहोचवण्याचे ३००. एकूण ६,२४० रुपये, सगळे यूपीआयने आगाऊ. म्हापशातले दुकान बंद करतो आहे, स्टॉक काढायचा आहे, ही थाप व्हॉट्सॲपवर आली. अशा थापा मलाही ठाऊक होत्या. पण त्याने गाडीचे मॉडेल आणि वर्ष विचारून पार्ट नंबर अचूक सांगितला, आणि तेवढी माहिती असलेल्या माणसावर कोणीही विश्वास ठेवला असता.

स्टँडने आधीच दगा दिला. गाडीचे वजन येताच एकाचा दात सटकला आणि गाडी खाली आली. काढलेले चाक मी दाराखालच्या पत्र्यापाशी आडवे सरकवून ठेवले होते, म्हणून ती त्यावर टेकली. ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. स्टँडऐवजी दगडी चिरे लावणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो, चिरा वजनाखाली एकाएकी फुटतो.

पण जो क्षण मला अजून जाळतो तो पुढचा. पॅडच्या मागच्या पत्र्याचे कान पॅड धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटच्या खाचेत हाताने सरकायला हवेत. इथे ते अर्ध्यावर अडकले. नख लावताच काळ्या रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली गंज दिसला. बॅच नंबर नाही, पॅड झिजल्यावर करकरणारी पट्टी नाही, आणि खोक्यावरचा होलोग्राम म्हणजे नुसता चकचकीत कागद. विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणाला, "रंग जाड बसलाय, कानस मारा." मी कानस मारली. जुने पॅड पत्र्यापर्यंत झिजलेले, चाक उतरवलेले, पाऊस तोंडावर आलेला. अशा वेळी माणूस हातातले काम पुरे करण्याचेच बघतो.

डिचोलीतल्या साध्या उतारावर पेडल घट्ट लागत होते, तरी गाडी थांबेना, आणि करपल्याचा वास सुटला. त्याच आठवड्यात घरच्यांना घेऊन चोर्ला घाटाने बेळगावला जायचे होते, हे आठवले की आजही हात थरथरतात.

मग सुरू झाली तक्रारीची पायपीट. पोलीस ठाण्यात पहिलाच प्रश्न आला, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?" भारतीय न्याय संहितेचे ३१८ वे कलम फसवणुकीसाठीच आहे आणि खोट्या ट्रेडमार्कसाठी १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०३ मध्ये किमान सहा महिन्यांची कैद आहे, हे मी, एका सामान्य नागरिकाने, त्यांना सांगायचे! त्यावर उत्तर असे की नकली माल जप्त करायला उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी लागतो. मग १,६५० रुपयांच्या पॅडसाठी तो येणार कधी, कोणी मेल्यावर? दुसऱ्या कार्यालयाने विक्रेत्याचा पत्ता मागितला. पत्ता असता तर मी त्याच्या दारात उभा नसतो का? ज्या कंपनीचे नाव खोक्यावर छापले आहे तिने माझ्या पत्राला उत्तरही दिले नाही. एवढी यंत्रणा असून लिहून घ्यायला कोणी तयार नाही. पोच मागितली की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या.

पैसे जाताच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा, उशीर करू नका. मालाच्या तक्रारीसाठी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. पॅड आणि ब्रेक ऑइल जीएसटी बिलाशिवाय घेऊ नका, कारण बिल नसेल तर समोरचा कोण हेच सिद्ध होत नाही. ऑइलचे झाकण सीलबंद हवे आणि गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या टाकीवर लिहिलेल्याच ग्रेडचे हवे. कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा भाग, काढल्यावर ब्रेक ऑइलच्या नळीवर (होज) लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा. पॅड खाचेत बसत नसेल तर कानस खाली ठेवा आणि पॅड परत करा. काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा.

याच विक्रेत्याकडून ज्यांनी पॅड घेतले आहेत त्यांनी आजच चाक उतरवून बॅच नंबर बघावा, आणि तोवर गाडी घाटात नेऊ नये.