पिट्यूटरीजवळची सिस्ट: राथके, अ‍ॅडिनोमा की क्रॅनिओफॅरिंजिओमा?

कर्वे रोडवरच्या सेंटरमधून एमआरआयचा रिपोर्ट घरी येतो. त्यात मेंदूच्या खाली असलेल्या, हॉर्मोन बनवणाऱ्या पिट्यूटरी ग्रंथीजवळ 'सिस्टिक लीजन' (द्रवाने भरलेली गाठ) असल्याचं लिहिलेलं असतं आणि खाली दोन-तीन शक्यता. त्यांचे उपचार अगदी वेगळे आहेत. कुठे नुसतं लक्ष ठेवायचं असतं, कुठे गोळ्या चालतात, कुठे ऑपरेशनला पर्याय नसतो. म्हणून ऑपरेशनची तारीख घेण्याआधी नेमकं काय आहे ते विचाराच.

राथके क्लेफ्ट सिस्ट ही गर्भात ग्रंथी घडताना उरलेल्या पोकळीतून होते. ती बहुधा मधोमध, ग्रंथीच्या पुढच्या-मागच्या भागांमध्ये बसते. द्रवात प्रथिनं जास्त असली तर एमआरआयच्या टी-१ प्रकारच्या चित्रांवर पांढरी दिसते, नाहीतर काळी. नुसत्या रंगावरून काही ठरवू नये. आत छोटी गुठळी असेल आणि कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलं जाणारं औषध) देऊनही ती उजळत नसेल, तर राथकेचीच शक्यता वाढते. लहान आणि त्रास न देणारी असेल तर बहुतेकदा ठरावीक काळाने एमआरआय पुरतो.

अ‍ॅडिनोमा म्हणजे ग्रंथीच्याच पेशींची, बहुधा कर्करोग नसलेली गाठ. तो सहसा एका बाजूला असतो आणि ग्रंथीचा देठ दुसरीकडे ढकलतो. आत रक्तस्राव झाला असेल तर द्रवाचे दोन थर आणि पडदे दिसतात. इथे खरा निर्णय रक्ततपासणीवर फिरतो, आणि तीच घाईत राहून जाते, याची मला काळजी वाटते. देठावर दाब आला की कोणत्याही गाठीत प्रोलॅक्टिन (अंगावरच्या दुधाशी संबंधित हॉर्मोन) थोडं वाढतं. पण ते २०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर गेलं आणि गर्भारपण किंवा औषधांचं कारण नसेल, तर प्रोलॅक्टिनोमाचा, म्हणजे प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या गाठीचा, संशय घट्ट होतो. सिस्टिक असला तरी तो कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी अनेकदा आकसतो. तेव्हा न्यूरोसर्जनइतकंच एंडोक्रिनॉलॉजिस्टलाही (हॉर्मोनच्या डॉक्टरांनाही) भेटा.

क्रॅनिओफॅरिंजिओमा ही गर्भातल्या उरलेल्या पेशींपासून होणारी गाठ. ती बहुधा ग्रंथीच्या वर वाढते. सिस्टसोबत कॉन्ट्रास्टने उजळणारा घट्ट भाग असतो. मुलांमध्ये सुमारे ९० टक्के गाठींत कॅल्शियम साठतं. ते एमआरआयवर निसटतं, सीटीवर स्पष्ट दिसतं. शंका असेल तर साधा सीटी सुचवायला संकोच करू नका. सतत तहान आणि भरपूर लघवी ही लक्षणं सुरुवातीलाच असतील, तर अ‍ॅडिनोमा कमी संभवतो. क्रॅनिओफॅरिंजिओमाला ऑपरेशन, बऱ्याचदा रेडिओथेरपीही लागते, आणि गाठ पुन्हा येऊ शकते.

अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट ही मेंदूच्या पातळ आवरणातली पोकळी. तिच्यातला द्रव एमआरआयच्या प्रत्येक सिक्वेन्समध्ये (चित्रांच्या प्रकारात) मेंदूतल्या पाण्यासारखाच दिसतो. ती ओळखणं त्यामानाने सोपं.

निदान कोणतंही असो, डोळ्यांची फील्ड तपासणी (बाजूंचं किती दिसतं ते पाहणारी) करून घ्या. गाठ दृष्टीच्या नसांवर दाबली की दोन्ही बाहेरच्या बाजू दिसेनाशा होतात. पुण्यात दुचाकीवर बाजूने येणारी रिक्षा दिसली नाही, तर ते जिवावर बेतू शकतं. तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नका. अचानक प्रचंड डोकेदुखी होऊन दृष्टी कमी झाली, तर ओपीडीची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टी गाठा.