१४.५ टीबी दिसले तेव्हाच उठायला हवं होतं

घरचे फोटो आणि कागद साठवायला डिस्कचं खोकं घेतलं आणि फसलो; एकूण ५५,८०० रुपये गेले. ४ टीबीच्या (टेराबाइट) चार डिस्क, प्रत्येकी ८,२०० म्हणजे ३२,८००, चार खणांचं वापरलेलं नास (घरच्या नेटवर्कला जोडायचं डिस्कचं खोकं) २१,५००, सेटअपचे १,५००. बेळगावातून फोनवरून ३०,००० आगाऊ, उरलेले २५,८०० कोल्हापुरात काउंटरवर. पक्कं बिल मागितलं तर विकणारा म्हणे, "वॉरंटीला सिरियल नंबर पुरतो." त्यावर विसंबू नका. बिल घ्याच.

ठरलं होतं रेड ५, म्हणजे डिस्क अशा जोडायच्या की एक मेली तरी माहिती वाचते. पडद्यावर जागेचा आकडा आला १४.५ टीबी. रेड ५ मध्ये एका डिस्कइतकी जागा पॅरिटीला, म्हणजे हरवलेलं परत काढायच्या हिशेबाला, जाते. १६ मधले ४ गेले, राहिले १२; मशीन १००० ऐवजी १०२४ च्या पटीत मोजतं म्हणून दिसायला हवे होते सुमारे १०.९. १४.५ दिसतात ते चारही डिस्कची सगळी जागा वापरली तरच. म्हणजे रेड ०. हे गणित मला येत होतं, हेच जास्त झोंबतं. विकणारा हसून म्हणाला, "जागा जास्तच मिळाली की ओ साहेब!" जागा कमी दिसली असती तर भांडलो असतो, जास्त दिसली म्हणून मान डोलावली. अंधार पडत होता, सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडून परतायचं होतं. आता कारणं देऊन काय उपयोग.

रेड ० फाइलचे तुकडे करतं, समजा ६४ केबीचे, आणि पत्ते वाटावेत तसे चार डिस्कवर ओळीनं वाटतं. वेग मिळतो, राखीव काहीच नसतं. सात महिन्यांनी तिसरी डिस्क मेली आणि चौघींवरचं सगळं गेलं. घरचे फोटो, शेताच्या उताऱ्यांचे स्कॅन, सगळं. रेड ५ असतं तर? तीन डिस्कवर १, ०, १ असेल तर चौथीवर ० लिहिलं जातं, एकांची संख्या सम राहावी म्हणून. मधली गेली तरी उरलेल्या १, १, ० वरून तिथं ० होता हे निघतं. पॅरिटी एकाच डिस्कवर न ठेवता आळीपाळीनं फिरवतात. एक गेली तर चालतं, दोन गेल्या तर नाही. आणि रेड कुठलंही असो, तो बॅकअप नव्हे. बाहेरची वेगळी डिस्क हवीच.

पैसे द्यायच्या आधी, नासमध्ये अजून काही साठवलेलं नसताना, एक-दोन फाइली टाका आणि विकणाऱ्यासमोर एक डिस्क ओढून काढा. रेड ५ असेल तर मशीन बोंबलेल, पण फाइल उघडेल. परत बसवल्यावर पूर्ण ४ टीबीची फेरबांधणी सेकंदाला १५० एमबी धरली तरी साडेसात तास घेते. "पाच मिनिटांत झालं" म्हणाला तर कसं ते आधी विचारा.

डिस्कही नव्या नव्हत्याच. स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत, घेताना चालू तास १२ दिसत होते. ते पुसता येतात. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची वेगळी नोंद असते, ती स्मार्टसीटीएल या प्रोग्रामच्या ७.४ आवृत्तीपासून वाचता येते. तिथं निघाले ३१,४६२ तास, साडेतीन वर्षांहून जास्त. दोन आकडे जुळले नाहीत तर डिस्क तिथंच परत करा.

तक्रारीचं काय झालं म्हणता? इथल्या, बेळगावच्या पोलीस ठाण्यात म्हणाले, व्यवहार महाराष्ट्रात झाला, तिकडं जा. आणि अर्ज कन्नडमध्ये लिहून आणा. तिकडं गेलो तर, पैसे बेळगावातून गेले, तुमच्या कर्नाटकात नोंदवा. जायला दोन तास, यायला दोन तास, असे तीन हेलपाटे. डिस्क म्हणजे काय हे एकानं विचारलं, "पेन ड्राइव्ह का?" भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता घ्यावी लागते. कलम दाखवलं तर उत्तर, "आम्हाला कायदा शिकवू नका." ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, माझे सात महिने उलटले होते.

ग्राहक आयोगात तक्रार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात करता येते, विकणारा कुठलाही असो. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. दोन्ही ठाण्यांत मिळून एकानंही हे सांगितलं नाही.