'रेंटाघोस्ट' की 'मॉटली हॉल': मुलांसोबत आधी कोणती बघायची?

दोन्ही ब्रिटिश टीव्ही मालिका, दोन्ही १९७६ साली सुरू झालेल्या, दोन्हींत भुतं आणि एकेक विदूषक, शिवाय प्रत्येक भाग साधारण २५ मिनिटांचा. तरी एक आवडली म्हणून दुसरी आवडेलच असं नाही.

'रेंटाघोस्ट' बीबीसीची, लेखक बॉब ब्लॉक. १९८४ पर्यंत ९ पर्वं आणि ५८ भाग झाले. फ्रेड ममफोर्ड नुकताच मेलाय. जिवंतपणी हाती घेतलेलं काहीच धड जमलं नाही, म्हणून मेल्यावर तो भुतं भाड्याने देणारी एजन्सी काढतो. दिमतीला टिमथी क्लेपोल हा मध्ययुगीन विदूषक आणि ह्युबर्ट डेव्हनपोर्ट हे व्हिक्टोरियन काळातले शिस्तीचे गृहस्थ. पोरगा गेलाय हे ममफोर्डच्या आईवडिलांना ठाऊकच नाही, आणि सुरुवातीची बरीचशी गंमत या लपवाछपवीतून येते. भुतं नाक चिमटीत धरतात आणि गायब होतात. सहा वर्षांच्या मुलालाही ते इंग्रजीचा शब्द न कळता समजतं.

मात्र सुरुवात पहिल्या पर्वापासूनच करा. डेव्हनपोर्ट साकारणारे मायकल डार्बीशायर १९७९ मध्ये वारले, ममफोर्ड झालेले अँथनी जॅक्सनही बाहेर पडले, आणि १९८० पासून मालिकेचा पोतच बदलला. एजन्सी मागे पडली, घरमालक मीकर नवराबायकोचं घर हाच आखाडा झाला. शिंकली की भलतीकडे पोचणारी नाडिया पोपोव्ह, हेझल मॅकविच ही चेटकीण, कापडी घोडा डॉबिन आणि मीकरांना वेडं ठरवून बसलेले शेजारी पर्किन्स: सगळा आरडाओरडा आणि धावपळ. आपल्या बालनाट्यातल्या चेटकिणीला पोरं जशी ओरडून दाद देतात, त्या जातीचा हा विनोद. लहानांना तो फार आवडतो. मोठ्यांनी मात्र इथूनच सुरुवात केली तर दोन भागांत कंटाळतील. मायकल स्टॅनिफोर्थ यांचा क्लेपोल मात्र शेवटपर्यंत बघण्यासारखा आहे, शीर्षकगीतही त्यांनीच गायलंय.

'द घोस्ट्स ऑफ मॉटली हॉल' ग्रॅनाडा या ब्रिटिश टीव्ही कंपनीची, रिचर्ड कार्पेंटर यांनी लिहिलेली. ३ पर्वं, २० भाग, १९७८ मध्ये संपली. ओस पडलेल्या वाड्यात वेगवेगळ्या शतकांतली पाच भुतं राहतात. फ्रेडी जोन्स यांचे सर जॉर्ज अपरोर हे सेनापती सगळ्यांवर हुकूम सोडतात, कुणी ऐकत नाही. पांढऱ्या वेशातल्या बाईला आपण कोण होतो हेच आठवत नाही. हसता हसता तिची कीव येते आणि लेखन किती वरचं आहे ते कळतं. वाड्याची देखरेख करणारे इस्टेट एजंट गजिन म्हणजे पीटर सॅलिस. 'वॉलेस अँड ग्रोमिट' या ॲनिमेशनपटांमधला वॉलेसचा आवाज त्यांचाच.

इथली गंमत संवादांत आहे, तीही भरभर बोललेल्या इंग्रजीतून. म्हणून नऊ-दहा वर्षांखालच्या मुलासोबत बघणार असाल तर 'रेंटाघोस्ट'ची १९७८ पर्यंतची पर्वं घ्या. मूल मोठं असेल, किंवा मोठ्यांनाच बघायची असेल, तर बिनदिक्कत 'मॉटली हॉल'. सगळे भाग मिळून साडेआठ तासांच्या आत संपतात, 'रेंटाघोस्ट'ला जवळपास चोवीस तास लागतात. भीतीचं म्हणाल तर दोन्हींत नाही. पण ममफोर्डचं मरण पहिल्याच भागात सरळ बोललं जातं, तेव्हा प्रश्न येतील.

डीव्हीडी मागवताना रीजन (डिस्क जगाच्या कोणत्या भागासाठी आहे तो क्रमांक) बघून घ्या: ब्रिटनमधल्या डिस्क सहसा रीजन २ च्या असतात, भारत रीजन ५ मध्ये येतो. सर्व रीजन चालणारा प्लेअर नसेल तर डिस्क लागणारच नाही.